पलीकडच्या पेठेची जर्सी

"ह्या जर्सीत नाही," गजभिये सर म्हणाले. "त्या पलीकडच्या पेठेची जर्सी घालून खेळू द्या त्याला."

तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्या आठ-दहा माणसांचे चहाचे कप जागच्या जागी थांबले. वस्तादांनी आपला कप खाली ठेवला, मिशीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. जणू मीच काही बोललो होतो.

"कुणाची म्हणालात?" वस्तादांनी विचारलं.

"काय नाव त्यांचं... सोनटक्के तालीम. जांभळी जर्सी."

"सर, तुम्ही पुण्याहून आलासा, पाहुणे हाईसा. जीव मागा, देतो. पण नाथगिरी तालमीचं पोरगं सोनटक्क्यांची जर्सी घालून आमच्याच मैदानात? पेठ काय म्हणंल?"

"तेच बघायचं आहे जी मला," सर म्हणाले आणि बशीतला चहा शांतपणे पिऊ लागले.

सर पुण्याच्या एका कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. माणूस मूळचा कामठीचा, तिकडं नागपूरच्या बाजूचा. उंच, काळासावळा, पायात कॅनव्हासचे बूट. तालमी-तालमींच्या फुटबॉलच्या सीझनमध्ये ते तीनदा कोल्हापूरला येऊन स्टेडियमात बसून गेले होते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यांना माझा धाकटा भाऊ यशवंत हवा होता. कॉलेजात प्रवेश, होस्टेलात खोली, खाणंपिणं, सगळं कॉलेज बघणार. जागा मात्र एकच उरली होती आणि दुसऱ्या दिवशी सर मिरजेला दुसरं एक पोरगं बघायला जाणार होते.

आमचे आईवडील लवकर गेले. यशाला मी वाढवला. मी उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डिंगला होतो. दिवसभर काळी वाळू आणि लोखंडाचा तापलेला रस. यशा बारावी झाला होता, आणि मी त्याला सारखं सांगत होतो की तू फौंड्रीत पाय ठेवायचा नाहीस. पण फौंड्री नाही तर काय, ते मलाही माहीत नव्हतं. आता ते 'काय' समोर बसून चहा पीत होतं आणि जर्सी मागत होतं.

"सर, आमच्या जर्सीत खेळला तर दिसणार न्हाई का तुम्हाला?" मी विचारलं.

"खेळ दिसतो हो. खेळाचं काय?" सर म्हणाले. "हे बघा शंकरराव. आमच्या कामठीला पलटणीची मोठमोठी मैदानं. पोरं हरणासारखी पळतात, इकडून मारलेला बॉल तिकडं जाऊन पडतो. मागं उभं राहायला आमच्या पोरांसारखी पोरं नाहीत. मुंबईची पोरं उंच बॉलला डोकं लावण्यात हुशार. बोलण्यातही." कट्ट्यावर हशा पिकला. "पण तुमचं पोरगं चार हाताच्या बोळात शिकतं. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी सायकल, आणि मधून तिघांना चुकवून जायचं. असा पाय महाराष्ट्रात दुसरीकडं होत नाही. माझ्याकडं दाराला लावायला कड्या पुष्कळ आहेत, किल्ली नाही. मला किल्ली पाहिजे."

पेठेची अशी तारीफ ऐकून वस्तादांचा चेहरा जरा सैल झाला. "मग घेऊन जा की किल्ली! जर्सी कशाला बदलायची?"

"आमचे प्राचार्य म्हणतात, कोल्हापूरचं पोरगं नको."

"का म्हणून?"

"ते उद्या सांगतो. आधी जर्सी."

यशा कोपऱ्यात उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं तर तो खाली आपल्या पायांकडं बघत होता. लहानपणी चोरी पकडली की बघायचा, तसा.

शेवटी वस्ताद उठले. जाता जाता म्हणाले, "शंकर, तू थोरला हाईस. तुझा तू बघ. मी न्हाई म्हणणार न्हाई आणि व्हय बी म्हणणार न्हाई."

*

सोनटक्के तालमीचा कॅप्टन म्हणजे अस्लम मुजावर. त्यांचा गोलकीपर. रंकाळ्याच्या रस्त्याला त्याचं पंक्चरचं दुकान होतं. मैदानात आम्ही एकमेकांना काय काय बोललो असू त्याचा हिशेब नाही. मैदानाबाहेर मात्र बोलायची वेळ कधी आली नव्हती. आमच्यातला कुणी त्याच्या दुकानात सायकल नेत नसे. सायकल हातात धरून अर्धा मैल चालत जाऊ, पण त्याच्याकडं नाही.

मला दारात बघून त्यानं ट्यूब पाण्यातून बाहेर काढली.

"काय रं नाथगिरी? वाट चुकलास?"

"तुमची एक जर्सी पायजे."

"जाळायला?"

"घालायला. आमच्या यशाला."

अस्लमनं हात पुसले. मग पुन्हा पुसले. "थट्टा करतोस काय भावा? गेल्या सीझनला माझ्या दोन पायांमधनं बॉल घालून गेला त्यो. अजून माझी बायको पोरांना सांगती, बापासारखे पाय फाकवून बसू नगा. आणि त्याला आमची जर्सी?"

मी त्याला सगळं सांगितलं. पुण्याचे सर, एकच जागा, फौंड्री. तो ऐकत राहिला. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यानं हातानंच थांबवलं.

"म्हंजे पोरगं पुण्याला गेलं तर यंदाच्या सीझनला तुमच्याकडं न्हाई?"

"न्हाई."

"फायनलला बी न्हाई?"

"न्हाई."

"अरे मग एक कशाला मागतोस? दोन घेऊन जा!"

तो मोठ्यानं हसला, गिऱ्हाईकही हसलं, आणि मलाही हसू आलं. आत जाऊन त्यानं पत्र्याच्या पेटीतून जर्सी काढून आणली. जांभळी, गळ्याला पांढरी पट्टी, पाठीवर दहा नंबर. दोन्ही हातांनी दिली. देताना त्याचं हसू गेलं होतं.

"ही आमच्या बशीरची. गुडघा गेला त्याचा, आता खेळत न्हाई. मातीत लोळली तर लोळू दे. पायपुसणं करू नगासा."

"न्हाई करणार."

"उद्या मी बघायला येतो. मारतील का मला तुमच्या पेठंत?"

"माझ्यासंगं उभा ऱ्हा."

"तू खेळणार हाईस की मग."

"मी? मी कशाला?"

"कामठीच्या म्हाताऱ्यानं जर्सी बदलायला सांगितली," अस्लम ट्यूब पाण्यात बुडवत म्हणाला, "त्यो तुला मोकळा सोडंल असं वाटतंय तुला?"

*

अस्लम म्हणाला तसंच झालं. सकाळी मैदानावर सरांनी दोन संघ पाडले. एकीकडं आमचा पहिला संघ, मी नेहमीप्रमाणं मागं, बॅकला. दुसरीकडं पेठेतली बारकी पोरं, आणि त्यांच्यात यशा.

"शंकरराव, तुम्ही त्याला धरायचं," सर म्हणाले. "दुसऱ्या कुणाला बघू नका."

"सर, त्यो माझा भाऊ हाय."

"माहीत आहे जी."

यशा तालमीतून जर्सी घालून बाहेर आला आणि मैदानाभोवती उभी असलेली सगळी पेठ एकदम गप्प झाली. गच्चीवरून फक्त एक म्हातारी ओरडली, "आगं बया! शंकरच्या यशानं कुणाचं कापाड घातलंय गं?" मग जी हुर्यो सुरू झाली ती थांबेचना. शिट्ट्या, पिपाण्या, नावं ठेवणं. ज्या तोंडांनी दोन महिन्यांपूर्वी त्याला खांद्यावर घेऊन चौकातून नाचवलं होतं, तीच तोंडं. वस्ताद गोलपोस्टच्या मागं पाठ करून उभे होते. मैदानाच्या टोकाला अस्लम एकटाच, सायकलला टेकून.

खेळ सुरू झाला आणि यशा खेळलाच नाही. म्हणजे पळत होता, पण पाय त्याचे नव्हते. बॉल आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. बाजूनं हुर्यो आली की मान खाली. ती जांभळी जर्सी अंगावर दगडासारखी झाली होती. सर हाताची घडी घालून बघत होते. चेहऱ्यावर काही नाही.

मी काय करावं? मनात दोन गोष्टी चालल्या होत्या. जरा ढिलं सोडावं, एकदा जाऊ द्यावं त्याला पुढं, म्हणजे सरांना दिसेल. मी पाय आखडला तर कुणाला कळणार होतं? पण यशाला कळलं असतं. त्याला चेंडू मारायला मी शिकवलं होतं. माझा पाय कधी खरा असतो आणि कधी खोटा, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. आणि भावानं वाट दिली म्हणून पुढं गेलेलं पोरगं पुण्यात किती दिवस टिकणार?

पुढच्या वेळी बॉल त्याच्याकडं आला तेव्हा मी पूर्ण ताकदीनं गेलो. बॉल काढला आणि यशाला खांदा लागून तो मुरमावर पडला. गुडघा सोलला. सगळी पेठ आनंदानं ओरडली. माझ्याच भावाला मी पाडलं म्हणून माझीच पेठ मला शाबासकी देत होती. आजही तो आवाज कानात आहे.

यशा उठला नाही लगेच. खालून माझ्याकडं बघत राहिला. डोळ्यांत पाणी होतं का मुरूम गेला होता, कोण जाणे.

सोनटक्क्यांचं पोरगं पडलं की आम्ही जे म्हणायचो, तेच मी म्हणालो. "काय रं सोनटक्के? आई दूध द्यायला विसरली काय सकाळी?"

तो हळूच हसला. असं हसणं मी त्याच्या तोंडावर याआधी बघितलं नव्हतं. आमच्याविरुद्ध खेळताना तो कसा हसतो ते मला माहीत असायचं कारणच नव्हतं, कारण तो कायम माझ्या बाजूला असायचा.

"आता बघ, नाथगिरी," तो म्हणाला आणि उठला.

त्यानंतर ते पोरगं खेळलं. काय सांगू? बॉल त्याच्या पायाला चिकटल्यासारखा. आमच्या दोघांना त्यानं एका जागी उभं राहून नुसती कंबर हलवून बसवलं. हुर्यो चालूच होती, पण आता ती त्याला लागत नव्हती. उलट हुर्यो वाढली की त्याला चेव यायचा. बारक्या पोरांना हात करून, ओरडून जागेवर उभं करत होता. त्यांच्यासंगं तो कधी खेळलाही नव्हता, पण कोण डाव्या पायाचा, कोण भित्रा, त्यानं त्या अर्ध्या तासात ओळखलं होतं.

आणि मग ते झालं. उजव्या कोपऱ्याजवळ बॉल त्याच्याकडं, समोर मी, मागून आमचा दुसरा गडी येतोय. दोन्हीकडून कोंडला. आमच्या गल्लीत असं कोंडलं की यशा काय करायचा तर सुताराच्या घराच्या भिंतीवर बॉल मारायचा आणि परत आलेला बॉल आपणच पुढं जाऊन घ्यायचा. सुतारीण रोज शिव्या द्यायची. पण इथं भिंत कुठली?

त्यानं बॉल मारला तो सरळ माझ्या नडगीवर. जोरात नाही, मोजून. बॉल माझ्या हाडावरून उडाला, मी खाली बघेपर्यंत तो माझ्या दुसऱ्या बाजूनं निघून गेला होता, आणि बॉल त्याच्या पुढ्यात जाऊन पडला होता. माझ्याच पायाची त्यानं भिंत केली. मी वळलो तेव्हा फक्त पाठ दिसली, जांभळी, त्यावर दहा नंबर. कीपर बाहेर आला, यशानं बॉल त्याच्या बाजूनं हळूच सरकवला.

मैदान गप्प.

मग दूर टोकाला टाळ्या वाजल्या. एकट्या माणसाच्या. अस्लमनं सायकल सोडून दिली होती, ती पडलेली, आणि तो दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होता. मग गच्चीवरची म्हातारी ओरडली, "आरं, कापाड कुणाचं का असंना, पोरगं आपलंच हाय की!" आणि पेठ फुटली. वस्ताद तसेच पाठमोरे होते, पण खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला होता.

मी नडगी चोळत उभा होतो. इतकं दुखत होतं आणि इतका आनंद झाला होता की काय करावं कळेना.

*

सर माझ्याजवळ आले. यशाजवळ गेलेच नाहीत. खाली वाकून त्यांनी माझ्या नडगीकडं बघितलं, जणू काही तिथंच जखम शोधायची होती.

"फॉर्मवर पालकाची सही लागेल," ते म्हणाले.

"अंगठा चालंल का?"

"चालतो."

"म्हंजे घेतलासा त्याला?"

"तुम्ही त्याला पाडलंत तेव्हाच घेतला."

मला उमगेना. "अवं, तवर तर त्यो काय खेळलाच नव्हता."

"शंकरराव, पोराची परीक्षा नव्हतीच. पोरगं मी तीनदा बघितलं, त्याचा पाय मला पाठ आहे. परीक्षा तुमची होती."

आम्ही दोघं मैदानाच्या कडेला दगडावर बसलो. सर बोलत होते आणि मी ऐकत होतो.

"ह्या आधी तुमच्या शहरातली तीन पोरं मी नेली. एकाहून एक सरस. प्रत्येक वेळी काय झालं सांगू? इकडं सीझन सुरू झाला, पेठेची टीम फायनलला गेली, की आमच्या होस्टेलच्या दारात जीप उभी. जीपमधून थोरला भाऊ उतरतो, मामा उतरतो, वस्ताद उतरतात. हातात पेढे. म्हणतात, सर, एक मॅच फक्त, दोन दिवसांत पोरगं आणून सोडतो. पोरगं जातं. परत कधी येत नाही. दुसरीकडची पोरं जातात ती घरच्या आठवणीनं जातात, त्यांना समजावता येतं. तुमचं पोरगं स्वतः जात नाही हो. त्याला न्यायला गाव येतं. आपल्या पोरांवर इतका जीव टाकणारं गाव मी बघितलं नाही. आमच्या कामठीत पोरगं गेलं तर म्हणतात, गेलं बाप्पा, बरं झालं."

ते हसले. मग म्हणाले, "म्हणून मला बघायचं होतं. दुसऱ्याच्या जर्सीत उभा असलेला भाऊ तुम्हाला दुसऱ्याचा वाटतो का. वाटला, तरच तुम्ही त्याला परत न्यायला येणार नाही. तुम्ही पाय आखडला असता, तर मी दुपारच्या एसटीनं मिरजेला गेलो असतो."

*

यशा जूनमध्ये पुण्याला गेला. ट्रंकेत ती जांभळी जर्सीही घेऊन गेला. अस्लमला द्यायची राहिली, म्हणाला, सुट्टीत आणतो.

आणि सीझन आला. आणि त्या वर्षी फायनलला कोण, तर नाथगिरी आणि सोनटक्के.

फायनलच्या तीन दिवस आधी सकाळी माझ्या दारात जीप. वस्ताद पुढं बसलेले, मागं चौघं. शालन, माझी बायको, पाणी घेऊन बाहेर आली तर कुणी पाणी घेईना.

"शंकर, बस," वस्ताद म्हणाले. "पुण्याला जाऊन येऊ. यशाला एका मॅचपुरतं आणू."

"सोडणार न्हाईत त्याला."

"तू आलास की सोडतील. पालक तूच हाईस. त्या होस्टेलवाल्यानं फोनवर सांगितलं, भाऊ आला तर देतो."

वस्तादांनी मला लहानपणापासून खायला घातलं होतं. आईवडील गेले तेव्हा तालमीतली खिचडी आमच्या घरी यायची. ती जीपही त्यांनी स्वतःचे पैसे घालून भाड्यानं घेतली होती.

"वस्ताद," मी म्हणालो, "त्यो आता त्यांच्या जर्सीत हाय."

"एका दिवसाचा प्रश्न हाय रं!"

"तुम्ही सांगा. त्यो इथं येऊन गोल मारला, पेठेनं खांद्यावर घेतला, तर त्यो परत जाईल का?"

वस्तादांना उत्तर माहीत होतं. उलट त्यांनीच त्याला खांद्यावर घेतला असता.

"बसतोस का न्हाई?"

"न्हाई वस्ताद."

जीप मागं वळवायला गल्लीत जागा नव्हती. ती तशीच उलटी, रिव्हर्समध्ये, हळूहळू बोळातून बाहेर गेली, आणि तेवढा वेळ वस्ताद माझ्या तोंडाकडं बघत होते.

फायनल आम्ही एका गोलनं हरलो. शेवटच्या मिनिटाला माझा बॉल अस्लमनं वरच्या कोपऱ्यातून बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. असा वाचवणारा हात मी पुन्हा बघितला नाही. त्याला खांद्यावर घेऊन त्याची पेठ जात होती तेव्हा वरूनच मला ओरडला, "जर्सी राहिली हाय रं आमची!"

वस्ताद माझ्याशी बोलायचे थांबले. मी रामराम घातला की दुसरीकडं बघायचे. पेठेत कुणी वाईट बोललं नाही. कुणी चांगलंही बोललं नाही.

त्याच वर्षी यशा विद्यापीठाच्या संघात निवडला गेला. पेपरात नाव आलं ते शालननं मला वाचून दाखवलं. मला अक्षरं पन्नाशीनंतर आली. पण तो कागद मी जपून ठेवला होता, आणि वाचायला लागल्यावर पहिलं तेच वाचलं.

उन्हाळ्यात तो घरी आला. जीपची गोष्ट त्याला कुणीतरी आधीच सांगितली होती. जेवण झालं, ताट बाजूला केलं, मग म्हणाला, "दादा, मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर?"

"आलो असतो," यशा म्हणाला. "चालत."

मग ट्रंक उघडून त्यानं जर्सी काढली. धुतलेली, इस्त्री केलेली. "अस्लमदाला देऊन ये."

मी ती काखेत मारली आणि निघालो. चौकात तालमीच्या कट्ट्यावर गजभिये सर बसलेले. बशीत चहा. शेजारी वस्ताद, आणि त्यांच्यासमोर उभं आमच्या पेठेतलं एक नवीन पोरगं, मान खाली घालून आपल्या पायांकडं बघत.

मी रामराम घातला. फायनलनंतर वस्तादांनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. मग माझ्या काखेतल्या जांभळ्या कापडाकडं.

"शंकर," ते म्हणाले, "ती कुठं निघालीय?"

"अस्लमला द्यायला."

"देऊ नगंस अजून, पुढं मोठ्या पोरांना लागंल." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आणि त्याला सांग, आणखी एक पायजे. बारकी बघून दे म्हणावं, पोरगं लहान हाय."